सर्वभक्षी इंजिन

अमेरिकन लष्कराच्या लिलावातून सुटलेला ‘एम-३५ ए-२’ ट्रक बरीच वर्षे उभा राहिलेला असला, तर पहिल्याच दिवशी तो सहसा सुरू होत नाही. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टचा स्टार्टर फिरतो, इंजिन घुमते, पण पेटत नाही. टाकीतला विजेचा पंप, मग एकामागोमाग एक तीन फिल्टर, मग पाइपांत अडकलेली हवा काढणे, इथपर्यंतची तपासणी कोणताही डिझेल मिस्त्री करील. गाडे अडते ते पुढे. इंजेक्शन पंपाला चिकटून बसवलेला एक डबा खालून डिझेल ठिबकवत असतो. नागरी ट्रकवर हात बसलेल्या माणसाने तो क्वचितच पाहिलेला असतो.

त्या डब्याचे मूळ शीतयुद्धात आहे.

एम-३५ हा अडीच टनी, सहाही चाकांना ताकद देणारा ट्रक १९५० च्या सुमारास ‘रिओ’ कंपनीने मिशिगनमधल्या लान्सिंगला घडवला. रॅन्सम ई. ओल्ड्स या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून कंपनीला हे नाव पडले होते. अडीच टन हा भार खडबडीत रानासाठी. पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट चाले. सुरुवातीचे इंजिन पेट्रोलचे होते. पण युरोपात पुन्हा युद्ध पेटले आणि रसद तुटली तर काय, हा प्रश्न नाटोच्या सेनापतींना छळत होता. हाती लागेल त्या इंधनावर, मग ते डिझेल असो, रॉकेल असो, विमानाचे इंधन असो की पेट्रोल, ट्रक चालला पाहिजे, अशी मागणी पुढे आली.

उत्तर जर्मनीत सापडले. न्यूरेंबर्गच्या ‘एमएएन’ कंपनीत सीगफ्रिड मॉयरर या अभियंत्याने पिस्टनच्या माथ्यावर गोल वाटी कोरली आणि इंधनाचा फवारा हवेत न उडवता बहुतांशी त्या वाटीच्या तापलेल्या भिंतीवर मारला. भिंतीवर इंधनाचा पातळ थर बसतो, त्याची वाफ होत जाते आणि ती टप्प्याटप्प्याने जळते. त्यामुळे डिझेलची ठोक्यांची खडखड कमी होते आणि इंधन बदलले तरी ज्वलन बिथरत नाही. जर्मन सैन्याच्या ‘एमएएन ६३०’ ट्रकात हीच पद्धत होती. याच कंपनीशी करार करून भारताने १९५९ पासून जबलपूरला ‘शक्तिमान’ ट्रक बांधायला घेतले.

अमेरिकेत या पद्धतीचा परवाना घेऊन ‘कॉन्टिनेन्टल’ कंपनीने १९६० च्या दशकात बहुइंधनी इंजिने काढली. पहिले ४२७ घनइंचांचे फार टिकले नाही. त्याच्या जागी ४७८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन आले. पुढे त्याला टर्बो बसला तो मुख्यतः काळा धूर आवरण्यासाठी. ताकद त्याने फारशी वाढली नाही. एका प्रकारच्या टर्बोची शिटी इतकी तीक्ष्ण होती की हौशी मंडळी त्या ट्रकांना ‘व्हिसलर’ म्हणू लागली.

गळणाऱ्या डब्याचे काम इथे कळते. पेट्रोल पातळ, डिझेल जाड; तेवढ्याच मापाने दोन्ही दिली तर ताकद कमी-जास्त होणार. डबा इंधनाचा पातळपणा ओळखून पंपाचे माप आपोआप जुळवतो. आतले सील म्हातारे झाले की मात्र डिझेल ठिबकू लागते. फक्त डिझेलच घालणारे मालक तो सरळ काढतात आणि जागेवर साधी जोडणी लावतात.

दुसरे दुखणे पंपाच्या पोटात आहे. सहा सिलिंडरांना मिळून एकच प्लंजर. तो वर-खाली होतो आणि फिरतोही. त्याला वंगण इंधनाचेच. जुने डिझेल चिकट होऊन तो जाम झाला तर पंप उतरवून पंपवाल्याकडे न्यावाच लागतो. शिवाय पंपातला इंधनाचे माप ठरवणारा भाग इंधन सोडण्याच्या बाजूलाच अडकला, तर सुरू झालेले इंजिन बंद करायची दांडी ओढूनही थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा स्टार्टर मारताना जाणते लोक इंजिनाचे हवा ओढणारे तोंड झाकायला एक फळी हाताशी ठेवतात.

चालू झाल्यावरही जपावे लागते. मिनिटाला २,६०० फेरे ही मर्यादा. उतारावर खालच्या गिअरमध्ये ती ओलांडली, तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग दुरुस्तीची भाषा संपते आणि दुसरे इंजिन शोधणे सुरू होते.

१९८० च्या दशकात नाटोने रणभूमीवर सगळ्यांसाठी एकच इंधन, तेही रॉकेलच्या जातीचे, असे धोरण धरले आणि सर्वभक्षी इंजिनाची निकड सरली. १९९० च्या दशकातल्या ‘ए-३’ आवृत्तीत कॅटरपिलरचे साधे डिझेल इंजिन आले. काही नवे मालकही तेच करतात, कमिन्सचे इंजिन बसवून मोकळे होतात. जे मूळ इंजिन राखतात, त्यांतले बरेचजण गॅरेजातले वापरलेले ऑइल गाळून डिझेलात मिसळतात आणि त्यावर ट्रक चालवतात. सैन्याने संकटकाळासाठी राखून ठेवलेली खुबी या मालकांच्या हाती डिझेलचा खर्च वाचवायला रोज उपयोगी पडते.