आवळणाऱ्याची बखर

मोटारीचा इतिहास लिहिणारे इंजिनापाशी सुरू होतात आणि दिव्यांपाशी संपतात. रेडिएटरच्या रबरी नळीला कवटाळून बसलेल्या क्लिपबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. वर्षअखेरीस ताळेबंद जुळला म्हणून शिपायाचा सत्कार कुठे होतो?

कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. १८८८ साली बर्था बेंझबाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन तसल्याच गाडीतून मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा टांग्याच्या घोड्यासारखं तिला वाटेत पाणी पाजावं लागलं. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म माइबाखने मर्सिडीजला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. तेच पाणी गार होऊन पुन्हा फिरायचं. पण इंजिन थरथरणार आणि रेडिएटर बसून राहणार! अशा दोघांचा संसार जमवायला मध्ये रबरी नळी लागते. नळी आली की गळती आलीच.

१९२१ साली ब्रिटिश नौदलातले कमांडर लमली रॉबिन्सन यांनी 'ज्युबिली' क्लिपचं पेटंट घेतलं. पट्टीवर आडवे आटे आणि त्यांत अडकून तिला ओढणारा स्क्रू, बस्स! स्क्रू फिरवला की पट्टी सरकते. पट्टीने कितीही ओढलं तरी स्क्रू ढिम्म. साहेबाने हलवलं की कारकून हलतो, कारकुनाने हलवून साहेब हलत नाही, तेच हे यंत्रशास्त्र.

क्लिप घेताना नळीचं बाहेरचं माप क्लिपच्या मापांच्या मधोमध येईलसं पाहावं. मऊ सिलिकॉनच्या नळीला आतून गुळगुळीत पट्टी घ्यावी; आरपार खाचा असल्या तर त्या नळीला चावतात. आणि दात-ओठ खाऊन आवळू नये!

कारण नळी तापली की फुगते, निवली की आकसते, आणि रबर हळूहळू दबत जातं. स्क्रूची क्लिप मात्र आवळल्या जागी अडून राहते, म्हणून ती अधूनमधून तपासावी लागते. हल्ली पुष्कळ कारखाने स्प्रिंगची क्लिप बसवतात. ती नळीबरोबर फुगते, आकसते, पण पकड सोडत नाही. घट्ट धरणं म्हणजे गळा धरणं नव्हे, हे शहाणपण आपल्यातल्या कित्येक वडीलधाऱ्यांना अजून यायचंय.

काही रुपयांची क्लिप निसटली की पाणी जातं, इंजिन तापतं, हेड वाकतं आणि बिल हजारांत येतं. तेव्हा इंजिन गार असताना कमांडरसाहेबांचं स्मरण करून बॉनेट उघडावं. स्क्रू सैल वाटलाच, तर अर्धा फेरा द्यावा. पुरा नको.