कानपूरच्या भंगारातलं कॉकपिट

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून एक शिकाऊ विमान उठतं आणि लळिंगच्या डोंगराकडे वळतं. आवाज विरेपर्यंत तुम्ही मान वर करून बघत राहता. मान खाली येते तेव्हा धावपट्टी नाही, कुंपण नाही, नुसती कपाशी आणि बाजरीची शेतं आहेत. साल १९४८. जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश. तुमच्या पायाशी पत्र्याची ट्रंक आहे आणि खिशात तार : बंगळूरला येऊ नका, थेट कानपूर गाठा.

तुम्ही कोण, ते तुमच्या हातांवरून कळतं. भुसावळच्या लोको शेडमध्ये तुम्ही फिटरकी शिकलात आणि युद्धाच्या धामधुमीत बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये लागलात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन १९४० मध्ये उभा केलेला तो कारखाना. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि लढाईतली विमानं तिथे दुरुस्तीला येऊ लागली : कॅटॅलिना, डकोटा आणि चार इंजिनांचं ते अवाढव्य लिबरेटर. लिबरेटरचं पोट तुम्ही आतून पाहिलंय. म्हणून तर तार तुम्हाला आली.

धुळ्याहून चाळीसगावची शाखा गाडी, चाळीसगावहून मोठी लाईन. भुसावळला इंजिन पाणी घेतं तेवढ्यात शेडमधले जुने मिस्तरी फलाटावर गाठ पडतात.

“कानपूरले कशाले चालला रे भाऊ?”

“मोडलेली इमानं जोडाले, काका.”

“पडून मोडली का कोणी मोडली?”

“कोणी मुद्दाम मोडली.”

मिस्तरी मान हलवतात. “मुद्दाम मोडलेलं जोडाले लई जड जातं. मोडणाऱ्याले ठाऊक राहतं ना, घाव कुठं घालाचा.”

खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी. सगळ्या वाटेत ते वाक्य डोक्यातून जात नाही, आणि कानपूरच्या चकेरी तळावर पोचल्यावर ते किती खरं होतं ते दिसतं.

माळावर विमानांची स्मशानभूमी पसरली आहे. ही ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटरं, अमेरिकेकडून उधार-उसनवारीच्या करारावर घेतलेली. युद्ध संपलं तेव्हा करारात दोनच वाटा उरल्या : विमान परत करा किंवा पैसे मोजा. परत न्यायला खर्च फार, विकत ठेवायला पैसा नाही. मग तिसरी वाट काढली. पुन्हा कोणालाही उडवता येऊ नयेत अशी ती करून टाकायची. इंजिनांत वाळू ओतली, पत्र्यात भोकं पाडली, धुडांवर अवजड गाड्या घातल्या. आणि कॉकपिटमध्ये घण घेऊन माणसं शिरली. हिशेबाच्या वहीत हे समजण्यासारखं आहे. पण ज्याने एकदा तरी हातात पाना धरलाय त्याला ते बघवत नाही.

इकडे काश्मीरमध्ये लढाई पेटलेली, देशाकडे स्वतःचं एकही खरं बॉम्बफेकी विमान नाही. नवी विमानं विकत घ्यायची तर त्यांचे भाव आणि अटी झेपणाऱ्या नाहीत. तेव्हा बंगळूरच्या कारखान्याने अंगावर घेतलं : हीच उभी करतो.

तुम्हाला नेमून दिलेलं काम कॉकपिटचं आहे. चला आत.

लिबरेटरला बाजूने दार नाही म्हटलं तरी चालेल. पोटाखाली वाकायचं, बॉम्ब ठेवायच्या कप्प्यातून वर चढायचं. त्या कप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी गुंडाळली जातात. मधोमध वीतभर रुंदीची फळी, तीवरून तोल सावरत पुढे. घामाचा आणि जुन्या हायड्रॉलिक तेलाचा वास. आणखी एक पायरी, आणि तुम्ही वैमानिकाच्या बैठकीमागे उभे राहता.

समोरच्या पाटीवर डायलांच्या जागी काळी भोकं आहेत. ज्यांच्या काचा शाबूत दिसतात त्यांचे काटे वाकलेत. मधल्या खांबावर चार इंजिनांचे चार-चार खटके असायला हवेत. त्यांतले काही मुळापासून उपटलेत. मागच्या भिंतीवर पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या उभ्या नळ्या होत्या, त्यांचा चुरा बुटाखाली कुरकुरतो. डाव्या हाताचं चक्र मात्र जागेवर आहे. तुम्ही ते फिरवता. हाताला काहीच जड लागत नाही. म्हणजे कुठेतरी तार तुटली आहे.

पहिले काही दिवस तुम्ही काहीच जोडत नाही. फक्त फिरता. या विमानाचं उंची दाखवणारं यंत्र वाचलंय, त्याच्या शेजारच्याची कृत्रिम क्षितिजाची तबकडी, तिसऱ्याचे पेडल. प्रत्येक वस्तूला कापडी चिठ्ठी बांधायची, कुठल्या धुडातून काढली ते शिसपेन्सिलीने लिहायचं. नासधूस करणाऱ्यांनी घाव सगळीकडे घातले, पण सगळीकडे एकाच जागी घातले नाहीत. कंटाळलेल्या माणसाचा घण चुकतो. तुमचं सगळं काम त्या चुकांवर उभं राहणार आहे.

जोडणी सुरू होते तेव्हा एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. मोडकं यंत्र उघड मोडलेलं असलं तर त्याची भीती नाही, वैमानिक त्याच्याकडे बघणारच नाही. भीती आहे ती अर्धवट बऱ्या यंत्राची, काचेमागे काटा हलतो पण खोटं बोलतो त्याची. रात्री ढगात शिरलेल्या माणसाला जमीन दिसत नाही, क्षितिज दिसत नाही. तबकडी सांगेल तेच त्याचं खरं. त्यामुळे भंगारातून उचललेल्या प्रत्येक डायलची तुम्हाला झडती घ्यावी लागते.

काही झडत्या सोप्या आहेत. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारे चार काटे घ्या, इंजिनामागे एक. इंजिन बंद असताना आत आणि बाहेर एकच हवा, म्हणजे बंद विमानात चारही काट्यांनी बाहेरचा दाब दाखवला पाहिजे. कानपूर फार उंचावर नाही. काटे पाऱ्याच्या एकोणतीस-साडेएकोणतीस इंचांवर यायला हवेत. तीन आलेत. चौथा सव्वीसवर अडून बसलाय. तो काढून टाका, दिसायला कितीही नवा असो. दुसऱ्या धुडातला आणा, पुन्हा बघा. चारही एका रेषेत आले की मगच पुढच्या भोकाकडे वळा.

होकायंत्राचं तसं नाही. त्याच्याभोवती लोखंड आहे, तारा आहेत, त्या त्याला ओढतात. एका विमानातलं अचूक होकायंत्र दुसऱ्यात बसवलं की ते चुकू लागतं. म्हणून अख्खं विमान मोकळ्या जागी ढकलत न्यायचं, एकेका दिशेला तोंड करून उभं करायचं, चूक टिपून घ्यायची आणि छोट्या चुंबकांनी ती कमी करायची. उरलेली चूक कार्डावर लिहून वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लावायची. मला त्या कार्डाबद्दल फार आदर वाटतो. यंत्र किती चुकतं हे तिथे लपवलेलं नाही, सही करून सांगितलेलं आहे.

आणि तारा. चक्र फिरवलं की पंखांच्या टोकाची झडप हलते, दांडा ओढला की शेपटीचा पत्रा उचलला जातो. मधे आहेत पोलादी तारा, विमानाच्या लांबीभर, कप्प्यांवरून वळत गेलेल्या. तुटलेली तार काढून नवी ओवायची, दोन टोकांमधल्या टर्नबकलला पीळ देऊन ताण बरोबर करायचा, आणि तो सुटू नये म्हणून बारीक लॉकिंग वायर गुंफून टोक आत वळवायचं. बाहेर राहिलं तर पुढच्या माणसाचा हात फाटतो. मग परीक्षा. तुम्ही वैमानिकाच्या जागी बसता, एक जण शेपटीखाली उभा राहतो, एक जण पंखाच्या टोकाशी. तुम्ही चक्र डावीकडे फिरवता आणि ओरडून विचारता, काय झालं? डाव्या पंखाची झडप वर, उजव्याची खाली, असं उत्तर आलं पाहिजे. उलटं उत्तर आलं तर तारा अदलाबदल झाल्यात. जमिनीवर ही चूक ओरडून सुधारता येते. हवेत गेल्यावर तिला उपाय नाही.

बाहेर रिव्हेट मारणाऱ्यांचा ठोका चालू आहे. पत्र्याच्या एका बाजूने हातोडी, दुसऱ्या बाजूने डॉली धरलेला माणूस. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजावरून ठरतं. कॉकपिटमध्ये बसून ऐकताना आपण भुसावळच्या शेडमध्येच आहोत असं तुम्हाला क्षणभर वाटून जातं.

एक सकाळ अशी उजाडते की मुन्शी येतात. जमशेद कैकोबाद मुन्शी, कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक. सगळे त्यांना जिमी म्हणतात. इथे विमान पूर्ण दुरुस्त होत नाही, एवढंच होतं की ते उडून बंगळूरला पोचावं. खरी डागडुजी कारखान्यात. म्हणजे मुन्शींना जे विमान मिळणार त्याच्या पाटीवर अजून भोकं आहेत, आणि जे डायल आहेत ते पाच-सहा मेलेल्या विमानांतून आलेत. त्यांच्या मागच्या जागेत तुम्ही उभे राहता. एकेक करून चार इंजिनं जागी होतात, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची. निळा धूर मागे जातो. पुढचं चाक पायाने वळत नाही, डावा-उजवा ब्रेक दाबत धूड धावपट्टीच्या तोंडाशी आणावं लागतं.

तुम्ही रनवेकडे बघत नाही. तुम्ही ते चार काटे बघता. ते एकत्र चढतात. वेगाचा काटा शंभर मैल ओलांडतो, एकशे दहा, आणि चाकांची घरघर थांबते.

सरळ रेषेत गेलं तर सातपुड्याच्या पूर्वेकडच्या रांगा, विदर्भाची किनार, मग दख्खनचं पठार. फटींतून वारा शिट्टी वाजवतो. बंगळूरला उतरून इंजिनं बंद झाल्यावर तुम्ही पुन्हा काट्यांकडे वळता. बंगळूर समुद्रापासून जवळपास तीन हजार फूट उंच, हवा विरळ. काटे सत्तावीसच्या आसपास येऊन थांबायला हवेत. चारही तिथेच आहेत. खरं बोलतायत.

असं एक नाही, चाळीसहून अधिक लिबरेटरं या रीतीने उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपुरातच भारतीय हवाई दलाचं पाचव्या क्रमांकाचं स्क्वाड्रन याच विमानांवर उभं राहिलं, आपलं पहिलं जड बॉम्बफेकी स्क्वाड्रन. ज्या माळावर त्यांना कायमचं निजवलं होतं तिथेच.

आता थोडं पुढे या, १९५०चं दशक. सहावं स्क्वाड्रन पुण्याच्या लोहगाव तळावरून लिबरेटरांनी समुद्रावर टेहळणी करतं. भिंतीवरच्या नकाशात पुणे आणि कानपूर या दोन ठिकाणी टाचण्या टोचा आणि दोरा ताणा : तो भुसावळच्या जवळून जातो. तुम्ही अशा एका विमानात आहात असं धरा. कन्नडजवळ अजिंठ्याची रांग एकदम तुटते, खाली पाचोरा-जामनेरची काळी जमीन उलगडते, मग भुसावळच्या यार्डातले रुळ, आणि त्यापलीकडे तापी, तिच्या काठच्या केळीच्या बागांची गडद हिरवी पट्टी. यार्डात कोणीतरी कपाळावर हात धरून वर बघत असणार. हे विमान कुठून आलं ते त्याला माहीत नाही. काटे बसवणारा माणूस याच शेडमध्ये शिकला, हेही नाही. चार इंजिनांचा आवाज त्याच्यावरून सातपुड्याकडे सरकतो.

ही विमानं वीस वर्षं उडाली. शेवटची निवृत्त झाली ती १९६८च्या अखेरीस, तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्याही हवाई दलाकडे लिबरेटर नव्हतं म्हणायला हरकत नाही. युद्धात ही विमानं अठरा हजारांच्या वर बांधली गेली होती आणि अमेरिकेने आपली बहुतेक वितळवून टाकली. म्हणून मग संग्रहालयांची पत्रं दिल्लीला येऊ लागली. १९६९ मध्ये एक लिबरेटर अमेरिकेतल्या टूसॉनपर्यंत उडत गेलं. एक कॅनडाला गेलं. एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ठेवलं. एक सुट्या भागांत इंग्लंडमार्गे अमेरिकेला पोचलं, फ्लोरिडात टॉम रायली यांच्या कार्यशाळेत अनेक वर्षं त्याची जोडणी चालली आणि १९८९ मध्ये ते पुन्हा हवेत गेलं. आज कुठल्या संग्रहालयात लिबरेटरच्या कॉकपिटसमोर उभे राहिलात तर ते कानपूरच्या माळावरून आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. संग्रहालयाच्या पाटीवर कारखान्याचं नाव असतं, स्क्वाड्रनचं असतं. टर्नबकलला पीळ देणाऱ्याचं मी अजून कुठे वाचलेलं नाही, आणि ते मला खटकतं.

शेवटी एकाच विमानाबरोबर जा. ब्रिटिश हवाई दलात त्याचा क्रमांक होता केएन ७५१, १९४५ मध्ये ते कोकोस बेटांवरून उडत असे. युद्धानंतर कानपूर. बंगळूरला पुन्हा जोडल्यावर त्याला नवा क्रमांक मिळाला, एचई ८०७. भारताने ते ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिलं. जुलै १९७४. तुम्ही पुन्हा वैमानिकामागे उभे आहात, खाली इंग्लंडची हिरवी शेतं आहेत आणि समोर लायनहॅमच्या तळाची धावपट्टी. ज्या हवाई दलाने हे विमान पुन्हा कधी उडू नये म्हणून टाकून दिलं, त्याच्याच धावपट्टीवर ते स्वतःच्या चार इंजिनांनी उतरतं.