अलेक्सीच्या पोटाची खिडकी

श्रोतेहो, जेवण झाले की घरची वडीलधारी माणसे सांगतात, "लगेच आडवा होऊ नकोस, शतपावली घाल." आणि हीच माणसे भरल्या पोटी आखाड्यात उतरणाऱ्या पोराला दटावतात. दोन्ही सांगणी खरीच आहेत. पण ती खरी का, हे जिवंत माणसाच्या पोटात डोळ्यांनी पाहून बारकाईने लिहून ठेवले गेले, ते एका अपघातामुळे.

पोटात अन्नाचे होते तरी काय, यावर युरोपातील पंडितांचा वाद फार जुना. कोणी म्हणे पोट म्हणजे जाते, अन्न दळले जाते. कोणी म्हणे ती चूल आहे, तर कोणी म्हणे अन्न आत आंबते. इटलीच्या स्पालान्झानीने अठराव्या शतकात अन्नाच्या कापडी पुरचुंड्या स्वतः गिळून पाहिल्या आणि पोटातील रस अन्न विरघळवतो असे ठरवले. तरी वाद काही मिटला नाही.

पुढे ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर, कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात, एक बंदूक चुकून उडाली. गोळी लागली अलेक्सी सेंट मार्टिन या कॅनडातील फ्रेंच तरुणाला. नावा वल्हवून कातडी वाहून आणणारा हा गडी. डाव्या बरगड्यांखाली भगदाड पडले, जठर फाटले. जवळच्या किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावून आले. माणूस वाचेल असे त्यांना वाटले नव्हते. पण तो वाचला. जखम भरली, भोक मात्र बुजले नाही. पुढे त्यावर आतूनच जठराच्या अस्तराचा एक पडदा वाढला. बोटाने तो सारला की थेट जठरात पाहता येई!

डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. तो लाकडे फोडी, पडेल ते काम करी, आणि डॉक्टर त्याच्या पोटात पाहत. १ ऑगस्ट १८२५ रोजी भर दुपारी त्यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून आत सोडले. तासाभराने दोरा ओढला, तर पाव आणि कोबी अर्धे जिरले होते, मांस तसेच होते. आणखी एका तासाने बरेचसे मांसही दोऱ्यावरून नाहीसे झाले. त्या दिवशी बिचाऱ्या अलेक्सीचे पोट दुखले. शिक्षक मित्रांनो, पुस्तकातल्या आकृतीत हे पोट दुखणे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

तो रस बाटलीत काढून, अंगाइतका कोमट ठेवून त्यात मांस टाकले, तर बाहेरही ते विरघळले. वेळ मात्र जास्त लागला. रसात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे हे रसायनशास्त्रज्ञांनी पडताळले. म्हणजे दळणे आहे, ऊबही आहे, पण खरे काम रसाचे. १८३३ साली बोमाँट यांनी २३८ प्रयोगांचे पुस्तक छापले.

आता व्यायामाकडे येऊ. अलेक्सीच्या पोटात उष्णतामापक सोडला, तर उष्णता सुमारे १०० अंश फॅरनहाइट भरे. अंगमेहनतीने ती दीडेक अंश चढे. बेताचा व्यायाम पचनाला मदत करतो आणि दमवून टाकणारी मेहनत पचन लांबवते, असा निष्कर्ष त्यांनी लिहिला. त्यांचा भर उष्णतेवर होता. खरे कारण पुढे कळले, ते रक्ताच्या वाटपाचे. जोराने पळताना वा ओझे उचलताना स्नायू जास्त रक्त मागतात. ते जठर-आतड्यांकडून काढून घेतले जाते. तिथला कारखाना मंदावतो, अन्न पडून राहते, मळमळते. सावकाश चालण्यात एवढी ओढाताण होत नाही. उलट जठरातील अन्न पुढे सरकायला मदत होते, आणि चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरत असल्याने जेवणानंतर ती फार चढत नाही. आपल्या सुश्रुतसंहितेतही व्यायाम निम्म्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. कारणमीमांसा मात्र निराळी.

बोमाँट यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायम झाले. अलेक्सीचे काय? १८३२ साली एका करारावर त्याने अंगठेबहाद्दरासारखी खूण केली होती : राहणे-जेवण आणि वर्षाला १५० डॉलर, मोबदल्यात पोट प्रयोगांना खुले. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला हे खरे. पण त्याच जिवावर त्यांनी एवढा हक्क सांगावा, हे मला पटत नाही. तो मधूनच घरी निघून जाई. १८३४ नंतर तो परतलाच नाही. डॉक्टर मरेपर्यंत पत्रे धाडीत राहिले. बोमाँट १८५३ साली वारले. पोटाला भोक असलेला अलेक्सी त्यांच्यामागे २७ वर्षे जगला, गरिबीत मुलेबाळे वाढवली. १८८० साली तो कॅनडात वारला, तेव्हा डॉक्टर लोकांना त्याचे जठर हवे होते. घरच्यांनी प्रेत कुजेपर्यंत घरात ठेवले आणि मग आठ फूट खोल पुरले, कोणी उकरून नेऊ नये म्हणून.