‘व्हिस्की’ : नाव आणि द्रव्य
‘व्हिस्की’ हा शब्द मूळ गेलिक भाषेत ‘जीवनजल’ या अर्थाचा होय. आपला ‘दारू’ फारसीत औषधवाचक. मूळ द्रव्याचा निर्देश दोहोंतही नाही. अमेरिकेत तो कायद्याने घातला: ‘बर्बन’साठी धान्यांत किमान ५१ टक्के मका, ‘राय’साठी तितकेच राय धान्य, आणि दोहोंसाठी आतून जाळलेली नवी ओकची पिंपे. १९६४ साली तेथील काँग्रेसने बर्बन हे स्वदेशाचेच विशिष्ट उत्पादन मानले.

नृसिंहवाडीभोवतीचा कृष्णा-पंचगंगेचा प्रदेश उसाचा. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीचा मद्यार्क भारतात पुष्कळ ‘व्हिस्कीं’त मिसळतात, युरोपीय संघात अशा मिश्रणास ते नाव लावता येत नाही. म्हणून मद्याच्या इतिहासकाराने नाव हाच पुरावा मानू नये. भट्टीत काय गेले, ते आधी पाहावे.