रुतलेला गळ आणि शल्यतंत्र : वाशिष्ठीच्या काठावरचा एक जुना प्रश्न

१/
चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघाले की घाटाच्या पायथ्याशी अलोरेचा परिसर लागतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे हे नाव महाराष्ट्राच्या कानावर गेले. सह्याद्रीच्या पलीकडे अडवलेले कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून इकडे उतरते, पोफळी व कोळकेवाडी येथे जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. म्हणूनच भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती असते.

२/
वाहत्या पाण्याकाठी गरी टाकून बसणे हा कोकणातला जुना छंद. गळाला येथे गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. मासा लागेपर्यंत सारी कसोटी संयमाची असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. अधाशी माशाने आमिष गिळलेले असते आणि गळ ओठात न अडकता घशात रुतलेला असतो. दोर ओढावा तर घसा फाटतो, बोट घालावे तर गळ बोटात शिरण्याची भीती.

३/
या अडचणीसाठी हातात मावणारे एक साधे अवजार आहे. इंग्रजीत त्याला डिसगॉर्जर म्हणतात, मराठीत 'गळ-काढणी' म्हणता येईल. ही एक बारीक सळई असते आणि तिच्या टोकाला खाच असते. ताणलेला दोर खाचेत अडकवायचा, सळई दोरावरून गळाच्या बाकापर्यंत सरकवायची, गळ किंचित आत दाबायचा, काटा मोकळा झाला की अलगद बाहेर आणायचा.

४/
यातली मेख 'किंचित आत दाबायचा' या तीन शब्दांत आहे. बाहेर काढायची वस्तू आधी आत ढकलायची, हे मनाला पटत नाही. पण रुतलेल्या वस्तूचा हाच न्याय आहे. तो ज्यांनी सर्वांत आधी शब्दबद्ध केला त्यांच्यासमोर मासे नव्हते, रणांगणावरून आणलेली माणसे होती. ती कथा समजण्यासाठी आधी गळाकडे पाहावे लागते.

५/
गळ हे माणसाच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक. जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शिंपल्यापासून घडवलेले गळ मिळाले आहेत. त्यांचे वय सुमारे २३,००० वर्षे आहे. भारतीय उपखंडात मोहेंजोदडो, लोथल अशा हडप्पा संस्कृतीच्या स्थळी तांब्याचे गळ सापडले. त्यांपैकी काहींच्या टोकाशी मागे वळलेला एक छोटा काटा आहे.

६/
हा उलटा काटा फार मोठा शोध होता. साधा वाकडा गळ ज्या वाटेने शिरतो त्याच वाटेने निसटू शकतो. उलटा काटा आत जाताना मांस बाजूला सारतो आणि बाहेर येताना त्याच मांसात अडकतो. आत जाण्याची वाट मोकळी, परतीची वाट बंद. बाणाच्या टोकाला असे काटे बसवणाऱ्यांचा हेतूही हाच होता. गळ आणि काटेरी बाण ही एकाच युक्तीची दोन रूपे आहेत.

७/
संस्कृतात गळाला 'बडिश' म्हणतात. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला बजावतो, की उत्तम भक्ष्याने झाकलेला लोखंडी गळ मासा लोभाने गिळतो आणि परिणामाचा विचार करत नाही. आजही मराठीत माणसे 'गळाला लागतात'. गिळणे सोपे आणि सुटणे कठीण, हा अनुभव भाषेत इतका खोल मुरला आहे.

८/
हाच बडिश आणखी एका ग्रंथात भेटतो, पण वेगळ्या भूमिकेत. इसवी सनाच्या आगेमागे आकाराला आलेल्या सुश्रुतसंहितेत शस्त्रवैद्याची २० शस्त्रे सांगितली आहेत. त्यांत बडिश आहे आणि त्याचे काम 'आहरण', म्हणजे बाहेर खेचून काढणे. माशाला अडकवणारा आकडा वैद्याच्या हाती सोडवणुकीचे साधन झाला.

९/
सुश्रुताच्या शास्त्राचे नावच शल्यतंत्र. शरीरात शिरून पीडा देणारी कोणतीही परकी वस्तू म्हणजे शल्य. बाणाचे टोक, काटा, हाडाचा तुकडा, लाकडाची शीर, सारे शल्यच. आजचा 'शल्यचिकित्सक' हा शब्द याच कुळातला. म्हणजे या विद्येची ओळख कापण्यावरून पडली नाही, रुतलेले काढण्यावरून पडली.

१०/
सुश्रुताने १०१ यंत्रे मोजली आणि त्यांत हाताला सर्वश्रेष्ठ ठरवले, कारण हातावाचून इतर यंत्रे चालत नाहीत. २४ स्वस्तिकयंत्रे म्हणजे पकडीसारखे चिमटे. लांबी १८ अंगुळे, दोन पाती मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेली, मुठी अंकुशासारख्या वळवलेल्या. आजची पकड डोळ्यांसमोर आणली तर वर्णन लगेच ओळखू येते.

११/
या चिमट्यांना पशुपक्ष्यांच्या मुखांवरून नावे दिली होती. सिंहमुख, व्याघ्रमुख अशी दणकट नावे त्यांत आहेत. पण सुश्रुताने मान दिला तो कंकमुखाला. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी, असे सामान्यतः मानतात. हे यंत्र सहज आत शिरते, शल्य घट्ट धरते आणि सहज बाहेर येते, म्हणून ते श्रेष्ठ. अरुंद जागेतून निसरडी वस्तू उचलण्यासाठी मासे टिपणाऱ्या पक्ष्याची चोच आदर्श ठरली.

१२/
मग दिशेचा प्रश्न. सुश्रुताच्या मते शल्य काढण्याच्या वाटा दोनच, प्रतिलोम आणि अनुलोम. फार आत न गेलेले शल्य आल्या वाटेने मागे घ्यावे. पलीकडे पोहोचू पाहणारे शल्य त्याच दिशेने पुढे नेऊन काढावे. टोक कातडीखाली वर आले असेल तर तेथे छेद द्यावा. ओढण्याआधी विचार करावा लागतो, हे येथे शास्त्र म्हणून मांडले आहे.

१३/
उलट्या काट्याला सुश्रुत 'कर्ण' म्हणतो. लोखंडी शल्य चुंबकाने ओढून काढण्याची युक्ती त्याला ठाऊक होती, पण तिला त्याने अटी घातल्या. शल्य कशात अडकलेले नसावे, जखमेचे तोंड अरुंद नसावे आणि शल्याला कर्ण नसावेत. नुसती ओढ किती घातक ठरते, हे या अटींवरूनच कळते.

१४/
मग कर्ण असलेल्या बाणाचे काय? याचे उत्तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मिळते. काळ सुमारे इसवी सनाचे सातवे शतक. चार कर्णांच्या शल्यासाठी पाच छिद्रांची नळी आणि दोन कर्णांच्या शल्यासाठी तीन छिद्रांची नळी, असे तो सांगतो. एक छिद्र दांड्यासाठी, उरलेली कर्णांसाठी, हा हिशेब संख्येवरूनच उमगतो. कर्ण नळीत धरले गेले की ते मांस फाडत नाहीत. १८८० मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी हा ग्रंथ संपादित करून मुंबईतून प्रसिद्ध केला.

१५/
घशाचा विचारही या ग्रंथांत आहे. वाग्भट घशातील शल्य पाहण्यासाठी दहा अंगुळे लांबीची नळी सांगतो. घशात आडवे अडकलेले हाड काढण्यासाठी सुश्रुताची युक्ती अशी : केसांचा गोळा पक्क्या दोऱ्याला बांधून पातळ अन्नासोबत गिळायला द्यावा, उलटी करवावी आणि शल्य गोळ्यात गुंतले की दोरा ओढावा. किंवा मऊ कुंचल्याने ते बाहेर घ्यावे, नाहीतर आत ढकलावे. गिळलेल्या दोराने मासा बाहेर येतो, येथे दोर गिळवून काटा बाहेर काढला जातो. (आज हाड घशात अडकले तर डॉक्टरांकडेच जावे.)

१६/
दख्खनच्या इतिहासात गरवण्याला राजमान्यताही मिळाली होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. सुमारे ३५ प्रकारचे मासे, त्यांची आमिषे, दोर आणि गळ यांचे वर्णन त्यात येते. महाराष्ट्रातील स्त्रिया ओव्या गातात, याची नोंद करणारा ग्रंथही हाच. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

१७/
आता विसाव्या शतकात यावे. गळ माणसाच्याच बोटात रुतणे ही जगभरच्या दवाखान्यांना परिचित असलेली दुखापत. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थिओ कुक यांनी दोऱ्याच्या साहाय्याने गळ काढण्याची रीत प्रसिद्ध केली. गळाच्या बाकाभोवती दोरा घालायचा, दांडी कातडीकडे दाबायची आणि काटा मोकळा झाला की झटका द्यायचा. डोळ्याजवळच्या गळाला मात्र ही रीत वर्ज्य आहे.

१८/
आजच्या वैद्यकात याखेरीज तीन रीती शिकवल्या जातात. गळ आल्या वाटेने मागे घेणे, टोक पुढे काढून काटा छाटणे आणि पोकळ सुईच्या तोंडाने काटा झाकून गळ मागे आणणे. पहिली प्रतिलोम, दुसरी अनुलोम. तिसरीत वाग्भटाच्या नळीचा विचार दिसतो.

१९/
येथे सावध राहिले पाहिजे. आजच्या डॉक्टरांनी किंवा गळ-काढणी घडवणाऱ्या कारागिरांनी या रीती सुश्रुतापासून घेतल्या, असा याचा अर्थ होत नाही. काट्याची रचना सगळीकडे सारखी, म्हणून उत्तरेही सारखी. साम्य म्हणजे वारसा नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. सुश्रुताचे मोठेपण 'आधी आम्हीच' म्हणण्यात नाही. बाण लागलेला माणूस समोर तळमळत असताना त्याने दिशेचा विचार केला आणि तो लिहून ठेवला, यात ते आहे.

२०/
त्याच्या विचारातील सर्वांत धाडसी भाग अजून उरला आहे. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे सांगितली. त्यांतील तीन मर्मांना तो 'विशल्यघ्न' म्हणतो, म्हणजे शल्य निघताच प्राण घेणारी. तेथे शल्य असेतो माणूस जगतो, पिकून ते आपोआप गळून पडले तरीही जगतो, उपटून काढले तर मरतो. ज्याचे शास्त्रच शल्य काढण्याचे, त्याने कुठे काढू नये हेही सांगितले.

२१/
माशांच्या बाबतीत आधुनिक निरीक्षणे याच वळणावर येतात. गळ ओठात किंवा जबड्यात असेल तर गळ-काढणी वापरावी. तो घशाच्या तळाशी गेला असेल तर ओढाताण न करता दोर तोंडाजवळ कापावा. अनेक जातींच्या माशांवरील अभ्यासांत असे मासे जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. कित्येकदा गळ गंजतो, सैल होतो आणि गळून पडतो.

२२/
मासा खायचाच असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवतो सोडून देण्याच्या माशाबाबत : फार लहान मासा, अंड्यांवर आलेली मादी, दुर्मीळ जात. दख्खनचा महासीर घ्यावा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या स्थानिक नावावरून 'खुद्री' हे नाव दिले. पुढे तो विरळ होत गेल्यावर टाटांच्या लोणावळ्याजवळील वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून बीज नद्यांत व जलाशयांत सोडले गेले.

२३/
एका बाजूला अशी वर्षानुवर्षांची मेहनत, दुसऱ्या बाजूला काठावरचा एक हिसका. हिसका देऊन गळ उपटलेला मासा पाण्यात सोडला की पोहत निघून जातो. पाहणाऱ्याला तो वाचला असे वाटते. पण कल्ले फाटलेले असतील तर त्याचे मरण पाण्याखाली, कुणाच्याही नजरेआड होते. म्हणून ही छोटी सळई, ओले हात आणि काटा नसलेला किंवा पकडीने चेपलेला गळ यांना महत्त्व येते.

२४/
अलोरेच्या परिसरात वाशिष्ठीकाठी संध्याकाळी एखादा मुलगा गरी टाकून बसतो. वीतभर पिल्लू वर येते, घशात गळ. तो ओढू लागतो. शेजारचा म्हातारा त्याचा हात धरतो, पाण्यातच माशाचे तोंड उघडून पाहतो. गळ दिसत नाही. तो कमरेची सुरी काढतो, दोर ओठाजवळ कापतो आणि ओंजळ उघडतो. एक गरी गेली म्हणून मुलगा खट्टू होतो. मासा क्षणभर ओंजळीत थांबतो आणि खोल पाण्याकडे वळतो.