शेटांचा भिन्नमताचा शेरा

१ जुलै १८६५ हा मुंबईच्या शेअरबाजारात वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. अमेरिकेतले यादवी युद्ध एप्रिलमध्ये संपले होते आणि त्या युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले होते. चार वर्षे कागदावर लक्षाधीश झालेली माणसे त्या दिवशी दिवाळखोर ठरली. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा अनभिषिक्त राजाही त्यातून सुटला नाही. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ जुलैला, जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे वारले. महिन्याभरात शहराचा पैसाही गेला आणि त्याचा वडीलधारा माणूसही.

सारे शहर त्यांना नाना म्हणत असे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, दैवज्ञ समाजातल्या जुन्या व्यापारी घराण्यातला. फोर्टमधली गनबाव स्ट्रीट, म्हणजे आजचा रुस्तम सिधवा मार्ग, ही त्यांच्याच घराण्यातल्या गणबाशेटांच्या नावाची. वडील गेले तेव्हा नाना विशीतही नव्हते. गडगंज इस्टेट आणि पेढी दोन्ही त्या वयात अंगावर पडली. पेढीची पत अशी की अरब आणि अफगाण व्यापारी आपली जोखीम बँकेत न ठेवता नानांकडे ठेवत.

त्या मुंबईत दानशूर शेटांची वाण नव्हती. सर जमशेटजी जीजीभाईंनी इस्पितळ बांधले, डेव्हिड ससूनांनी शाळा आणि धर्मादाय संस्था उभ्या केल्या. नानांनीही हात आखडता घेतला नाही. ग्रँट रोडवरच्या नाटकगृहाला त्यांनी जागा दिली. लोक त्या थिएटरला शंकरशेटची नाटकशाळा म्हणत आणि विष्णुदास भाव्यांची सांगलीकर नाटक मंडळी मुंबईत तिथे खेळली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मायदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या नावे प्राध्यापक नेमण्यासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमला. त्या खटपटीत नाना अग्रभागी होते. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढायचे ठरवले, तेव्हा मराठी शाळेला त्यांच्या वाड्यात जागा मिळाली. मुलगी शिकली की घर बुडते असे मानणारे लोक त्यांच्याच जातीत आणि पंगतीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जागेची किंमत कळते.

तरी केवळ देणग्यांची यादी केली तर नाना इतर शेटांच्या रांगेत जाऊन बसतात. त्यांचे वेगळेपण दिसते ते बैठकीच्या टेबलापाशी. साहेबाच्या समितीत खुर्ची मिळाली की मान डोलवायची, ही तेव्हाची रीत. नाना तिथे बसून मत नोंदवत आणि पटले नाही तर कागदावर विरोध लिहून देत.

याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण १८४७ चे आहे. मुंबई इलाख्यातले शिक्षण १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे होते. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती. पेरी एतद्देशीयांचे शत्रू नव्हते. तरुण दादाभाई नौरोजींना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवावे आणि निम्मा खर्च आपण सोसावा, असे सुचवणारे हेच पेरी. मात्र शिक्षणाबाबत त्यांचे मत ठाम होते: सरकारचा पैसा इंग्रजीवर खर्च व्हावा. वरचे थोडे लोक इंग्रजीतून नीट शिकले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असा त्यांचा हिशोब.

बोर्डातले तिन्ही हिंदी सभासद याविरुद्ध उभे राहिले: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. त्यांना साथ मिळाली एका गोऱ्या सभासदाची. तो कर्नल जॉर्ज जर्व्हिस, गणिताची पुस्तके मराठीत आणण्यात हयात घालवलेला लष्करी इंजिनिअर. १ मे १८४७ रोजी नानांनी आपले मत टिपणाने मांडले. इंग्रजीचे महत्त्व ते नाकारत नव्हते. त्यांचा मुद्दा असा की इंग्रजी फार थोड्यांच्या वाट्याला येणार; बाकीच्या लोकांपर्यंत विद्या पोचवायची तर ती त्यांच्याच भाषेतून दिली पाहिजे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या त्या निधीसाठी झटलेला माणूस हे म्हणत होता, म्हणून त्यावर इंग्रजीद्वेषाचा शिक्का मारण्याची सोय नव्हती. सरकारने पेरींच्या बाजूने सरसकट कौल दिला नाही. पुढे १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यातही उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि सर्वसामान्यांचे देशी भाषांतून, अशीच वाटणी झाली.

दुसरे उदाहरण मसणवटीचे. गिरगावाजवळच्या सोनापुरात हिंदूंचे दहन होत असे. वस्ती वाढली तसे ते तिथून हलवून शिवडीला न्यावे, असे सरकारच्या मनात आले. शिवडी म्हणजे गिरगावकरांना प्रेत खांद्यावर घेऊन जायला लांबचा पल्ला. गरिबाला तर अशक्यच. नानांनी हा बेत हाणून पाडला. ज्यांची बैठकीत कुणी गणतीही करत नव्हते, त्यांच्या पायपिटीचा हिशोब या गर्भश्रीमंत माणसाने मांडला.

एकट्याच्या विरोधाला मर्यादा असते, हेही त्यांनी ओळखले होते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जमशेटजी मानद अध्यक्ष होते, कारभार नानांकडे आणि चिटणीशी डॉ. भाऊ दाजींकडे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले होते. ते साधून असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. काँग्रेसच्या जन्माला तेव्हा तेहतीस वर्षे अवकाश होता.

अशा माणसावर १८५७ मध्ये संशय येणे ओघानेच आले. बंडवाल्यांशी त्यांचे संधान असल्याची कुजबुज सुरू झाली. पोलिसप्रमुख चार्ल्स फोर्जेट वेषांतर करून शहरात फिरण्याबद्दल प्रसिद्ध होते; त्यांच्या तपासात नाना निर्दोष ठरले. पाचच वर्षांनी, १८६२ मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात जे पहिले हिंदी सभासद नेमले गेले त्यांत नाना होते.

आज लोकांना नाना आठवतात ते रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी सुटली. तिच्यामागे १८४५ पासूनची खटपट होती आणि त्यात नाना आणि जमशेटजी दोघेही होते. हे श्रेय खरेच आहे. पण रेल्वे विलायतेच्या कारखानदारांना आणि कापूसवाल्यांनाही हवी होती, ती उद्या ना परवा आलीच असती. शिक्षणाच्या बोर्डात पेरींना कागदावर उत्तर देणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

नानांच्या पश्चात टाउन हॉलमध्ये संगमरवरी पुतळा उभा राहिला, गिरगाव रोडला त्यांचे नाव मिळाले. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. ती १९१२ मध्ये मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि त्यांनी मेघदूत मराठीत आणले. मुंबई सेंट्रलला नानांचे नाव द्यावे, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये केला.

नाव जरूर द्यावे. पण शाळेत कोणती भाषा केव्हा शिकवायची, हा वाद महाराष्ट्रात अजून मिटलेला नाही. तो ज्यांच्या समित्यांपुढे येतो, त्यांनी १० फेब्रुवारीला पुतळ्याला हार घालण्याआधी १ मे १८४७ चे ते टिपण एकदा वाचून काढावे.