चार ट्रॅकमध्ये मावलेलं शहर

आज लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायला बसलं की ट्रॅक मोजायची गरजच पडत नाही. ड्रम्सला आठ घ्या, गिटारला चार घ्या, आवाजाला हवे तितके. चुकलं तर अनडू आहेच. आता समजा, तुमच्याकडे फक्त चार ट्रॅक आहेत आणि अनडू नाही. १९८१-८२ च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या काही तरुणांकडे एवढंच होतं. त्यांनी त्यावर एकमेकांची जी गाणी रेकॉर्ड केली, ती चाळीस वर्षांनंतरही ऐकली जातात. ती कशी बनली हे जितकं रंजक आहे, तितकंच ती टिकली कशी हेही.

डनेडिन हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं शहर. वस्ती लाखाच्या आसपास. स्कॉटिश लोकांनी वसवलेलं, थंड हवेचं, विद्यापीठामुळे विद्यार्थ्यांनी भरलेलं. संगीताचा मोठा धंदा इथून लांब, उत्तर बेटावर. त्यामुळे इथले बँड एकमेकांसाठीच वाजवायचे. आज स्टेजवर असलेला उद्या प्रेक्षकांत, आणि परवा तिसऱ्याच बँडमध्ये.

यातलाच एक ख्रिस नॉक्स. १९७७ मध्ये त्याने डनेडिनमध्ये ‘द एनिमी’ हा पंक बँड काढला, मग ‘टॉय लव्ह’. टॉय लव्हला मोठी संधी मिळाली. १९८० चा त्यांचा अल्बम थेट सिडनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. पण लाइव्ह वाजवताना जो दणका होता, तो रेकॉर्डवर आलाच नाही असं बँडला वाटलं. त्याच वर्षी बँड फुटला. नंतर नॉक्सकडे आलं टीॲक कंपनीचं चार ट्रॅकचं टेप मशीन. स्टुडिओत हातातून निसटलेलं आता घरी पकडून बघायचं होतं.

चार ट्रॅक म्हणजे एकाच टेपवर शेजारीशेजारी चार पट्ट्या. एकीवर ड्रम्स, दुसरीवर बेस, तिसरीवर गिटार, चौथीवर आवाज. संपलं. आणखी काही हवं असेल तर आधीचे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर नवीन वाजवायचं. याला बाउन्स करणं म्हणतात. दर बाउन्सला टेपची सळसळ वाढते. शिवाय जुन्या तीन ट्रॅकवर नवीन रेकॉर्ड केलं की मागे फिरता येत नाही. बेस थोडा कमी करायला हवा होता, हे नंतर कळून उपयोग नाही. म्हणजे गाणं कसं ऐकू यायला हवं हे आधीच ठरलेलं लागतं, आणि ते ठरवायला मशीनपाशी बसलेल्या माणसाला तो बँड आतून-बाहेरून ठाऊक असावा लागतो.

इथे मित्र कामाला आले. डग हूड हा टॉय लव्हच्या कार्यक्रमांचं साउंड सांभाळायचा. हे बँड भरलेल्या हॉलमध्ये कसे वाजतात हे त्याच्या कानांत होतं. तो आणि नॉक्स टेप मशीन घेऊन बसले. तासाचं भाडं नाही, काचेपलीकडून घड्याळ बघणारा अनोळखी इंजिनिअर नाही.

याच सुमारास, १९८१ मध्ये, क्राइस्टचर्चमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या रॉजर शेफर्डने ‘फ्लाइंग नन’ हे लेबल सुरू केलं. डनेडिनच्या ‘द क्लीन’ बँडचं ‘टॅली हो’ हे त्याच्या पहिल्या रेकॉर्ड्सपैकी एक. ते एका छोट्या स्टुडिओत शंभर डॉलरपेक्षाही कमी खर्चात झालं आणि देशाच्या टॉप २० मध्ये गेलं. त्याच वर्षी नॉक्स आणि हूडने द क्लीनचा ‘बूडल बूडल बूडल’ हा ईपी चार ट्रॅकवर रेकॉर्ड केला. तो पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढच्या वर्षी आला ‘डनेडिन डबल’. दोन रेकॉर्ड्स, चार बाजू, चार बँड: द चिल्स, स्नीकी फीलिंग्ज, द स्टोन्स आणि द व्हर्लेन्स. तोही त्याच मशीनवर. पुढे अमेरिकेतल्या ‘पेव्हमेंट’सारख्या बँडने या संगीताचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं.

हे सगळं फार गोड वाटत असेल तर थांबा. मित्रांच्या गटात कोपरेही असतात. स्नीकी फीलिंग्जच्या मॅथ्यू बॅनिस्टरने १९९९ मध्ये या काळावर पुस्तक लिहिलं. आपला बँड या गटात कायम थोडा बाहेरचाच राहिला, ही खंत त्यात लपत नाही. आणि टेपवरची सळसळ ही तेव्हा कुणाची आवड नव्हती, ती चार ट्रॅकची मर्यादा होती. तिला ‘लो-फाय’ म्हणून गोंजारायला आपण नंतर शिकलो.

तरीही ही रेकॉर्डिंग्ज इतकी मोलाची का, हे मला द चिल्सच्या एका गाण्यामुळे कळलं. ‘पिंक फ्रॉस्ट’ हे गाणं १९८२ मध्ये, स्टुडिओत रेकॉर्ड झालं. ड्रम्सवर होता मार्टिन बुल. गाणं लगेच बाहेर आलं नाही. १९८३ मध्ये बुल ल्युकेमियाने गेला आणि १९८४ मध्ये ते रेकॉर्डिंग प्रसिद्ध झालं. बँडचा गायक मार्टिन फिलिप्सही २०२४ मध्ये गेला. टेप मात्र राहिली. ते दोघं त्या दिवशी एका खोलीत वाजवत होते, एवढी गोष्ट तिने धरून ठेवली. आज फ्लाइंग ननच्या मूळ टेप्स वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयाकडे जतनासाठी आहेत.

आता आपल्याकडे या. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये मित्रांचे तीन बँड होते आणि तिघांत मिळून एक ऑडिओ इंटरफेस. पीएलमध्ये भिंतीला गाद्या टेकवायच्या, आवाज नको म्हणून मे महिन्यात पंखा बंद करायचा आणि रेकॉर्ड करायचं. एका गाण्याच्या शेवटी कॉरिडॉरमधून ‘मेस बंद होतेय रे’ अशी हाक ऐकू येते. सगळी प्रोजेक्ट्स कॉलेजच्या ईमेलसोबत मिळालेल्या क्लाउडवर होती. आम्ही पास आउट झालो आणि काही महिन्यांत कॉलेजने काही न कळवता ती खाती बंद केली. उरली ती बेसिस्टच्या पेन ड्राइव्हवरची चार एमपीथ्री. ड्रमर आता हिंजवडीत, गायक कॅनडात. ते तिघं पुन्हा एका खोलीत वाजवतील असं वाटत नाही.

मायस्पेसचं झालं ते याहून कितीतरी मोठं. २००३ पासून जगभरच्या घरगुती बँड्सनी आपली गाणी तिथे ठेवली होती. सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतचं सगळं संगीत गेलं, हे मार्च २०१९ मध्ये उघड झालं. आकडा सांगितला गेला तो सुमारे ५ कोटी गाण्यांचा. त्यातली जेमतेम ४ लाख ९० हजार पुढच्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्हवर परत आली, तीही काही संशोधकांनी अभ्यासासाठी आधी उतरवून ठेवली होती म्हणून. शंभरातलं एकसुद्धा पुरतं नाही.

मी रोज बॅकअपच्या जगात काम करतो, म्हणून हा फरक मला टोचतो. डनेडिनच्या टेपची रेकॉर्ड निघाली, तिच्या हजारो प्रती घराघरांत गेल्या, आणि मूळ टेप कुणाच्या तरी कपाटात राहिली. एक प्रत हरवली तरी बाकीच्या होत्या. आपण मात्र प्रती न वाटता लिंक वाटतो. हजार जणांकडे लिंक असली तरी फाइल एकच असते, आणि तीही दुसऱ्याच्या घरात.

तुमच्या मित्रांचा बँड असेल, किंवा होता, तर या रविवारी एक काम करा. प्रोजेक्टवर विसंबू नका; पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर ते उघडेलच असं नाही. प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या शहरातल्या मित्राकडे ठेवा. ‘फायनल फायनल २’ हे नाव बदला. आणि सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा: कुठली खोली, कुठली तारीख, कोण काय वाजवत होतं.